कुत्र्याला ‘उन्हाळी’ लागली म्हणण्याआधी

एप्रिल लागला की मराठवाड्यात घरोघरी एक शब्द ऐकू येतो: उन्हाळी. ऊन बाधले, पाणी कमी पडले, लघवीला जळजळ होऊन थेंब थेंब होऊ लागली की माणसाला उन्हाळी लागली म्हणतात. मग सब्जा, धन्याचे पाणी, खडीसाखर. माणसाचे बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. घोळ होतो तो हाच शब्द अंगणातल्या कुत्र्याला लावला की. कुत्रा घडोघडी बसतो, कण्हतो, थेंबभर गळतो आणि घरातले कोणीतरी म्हणते, “उन्हाळी लागली असंल, ताक पाजा.”

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, वाघ्या नावाचा कुत्रा होता. उंच, सडपातळ, कारवानी या शिकारी जातीच्या वळणाचा. एका मे महिन्यात सालगड्याचा फोन आला, “दादा, वाघ्या सकाळधरून कुंथायलाय, पण काहीच होईना.” आम्ही ठरवले, पोट साफ होत नाही. एरंडेल पाजले. संध्याकाळी त्याने उलटी केली तेव्हा वाटले, एरंडेलानेच झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठेना, तेव्हा गाडीत घातला. दवाखान्याच्या अलीकडेच तो गेला. डॉक्टरांनी त्याचे पोट चाचपले आणि एवढेच विचारले, “याने लघवीची शेवटची धार कधी सोडली होती?” आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही.

लघवी अडलेला कुत्रा आणि बद्धकोष्ठ झालेला कुत्रा लांबून सारखेच दिसतात. पाठीला कमान, मागचे पाय फाकलेले, कुंथणे आणि हाती काही नाही. त्यामुळे कुत्रा असा बसलेला दिसला की आधी खाली वाकून पाहायचे: लघवी येते की नाही? पुढचे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

### ठिबकवरून समजून घेऊ

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला कुत्र्याचे मूत्रसंस्थान शिकवावे लागत नाही. हेडजवळचा फिल्टर म्हणजे दोन मूत्रपिंडे. ती रक्त गाळतात. गाळून निघालेले पाणी दोन बारीक नळ्यांनी एका टाकीत उतरते, ती टाकी म्हणजे मूत्राशय. टाकीतून बाहेर जाणारी एकच नळी, तिला मूत्रमार्ग म्हणतात. बिघाड फिल्टरमध्ये, टाकीत किंवा शेवटच्या नळीत, कुठेही होऊ शकतो. त्याची लक्षणे मात्र सगळी नळीच्या तोंडाशीच दिसतात आणि म्हणून आपण फसतो.

मादीची ही नळी आखूड आणि रुंद असते. बाहेरचे जंतू तिच्यातून सहज वर चढतात, म्हणून टाकीचा जंतुसंसर्ग माद्यांमध्ये जास्त आढळतो. पण बारीकसारीक खडा असला तर तो याच रुंद वाटेने निघूनही जातो. नराचे उलटे. त्याची नळी लांब आणि अरुंद, आणि त्यात एक अडचण जन्मतःचीच: कुत्र्याच्या लिंगात एक हाड असते आणि मूत्रमार्ग त्या हाडाच्या खोबणीतून जातो. मांस ताणते, हाड ताणत नाही. टाकीतून सुटलेला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा वाहत येतो आणि खोबणीच्या मागच्या तोंडाशी अडकून बसतो. क्षारांनी ड्रीपर चोक व्हावा तसेच.

बैलाचेही असेच होते. त्याचा मूत्रमार्ग आत नागमोडी वळतो आणि खडा त्या वळणात अडकतो. बैलाची लघवी तुंबली तर आपल्या गावात कोणी उद्याची वाट पाहत नाही, मध्यरात्री डॉक्टरांचे दार वाजवले जाते. कुत्र्यालाही तीच घाई लागू आहे. किंबहुना कुत्र्याचे शरीर लहान असल्यामुळे हाताशी वेळ कमी असतो.

### थेंब थेंब आणि बंद

टाकीला नुसता जंतुसंसर्ग झाला असेल तर कुत्रा वारंवार बसतो, प्रत्येक वेळी थोडी का होईना लघवी होते, तिला उग्र वास येतो, कधी शेवटी गुलाबी छटा दिसते. तो जागा चाटत राहतो. पण जेवतो, शेपूट हलवतो, हाक मारली की येतो. असा कुत्रा त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावा. रात्रीची धावपळ नको.

लघवी अडली असेल तर तो बसतो, कुंथतो आणि काहीच येत नाही, किंवा एखादाच लाल थेंब येतो. हा एखादा थेंबच लोकांना दगा देतो. “येतेय की थोडी थोडी” असे म्हणून रात्र काढली जाते. थेंब हा प्रवाह नव्हे. पाच-सहा वेळा बसून धार एकदाही दिसली नाही तर अडली असेच धरून चालावे, चूक ठरली तरी चालेल. सोबत उलटी, अन्नावरून मन उडणे, मलूल होणे, मागच्या पायांपुढे पोटात चेंडूसारखा टणक गोळा लागणे, यांतले काहीही असले तर बाकी कामे बाजूला ठेवून निघावे. तो गोळा दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नये, टाकी फुटते.

नर कुत्रा फिरायला नेला की खांब दिसला, पाय वर. टायर दिसले, पाय वर. हा आजार नाही. तो आपली खूण ठेवतो. त्यात वास घेणे असते, ऐट असते आणि प्रत्येक वेळी छोटीशी धार सुटते. दुखणे असलेला कुत्रा वास घेत बसत नाही, एकाच जागी अडून राहतो.

### अडली तर एवढे काय बिघडते?

हा प्रश्न मलाही पडला होता. लघवी थांबल्याने पोट दुखेल हे कळते, जीव कसा जातो?

मूत्रपिंडे रक्तातला कचरा बाहेर टाकतात, त्यासोबत जादा पोटॅशियमही टाकतात. पोटॅशियम हा एक क्षारच. नेमक्या प्रमाणात असला तर हृदय तालात चालते. पुढे नळी बंद झाली की टाकी भरते, मग दाब मागे फिल्टरपर्यंत चढतो आणि फिल्टर गाळणे थांबवतो. युरियासारखा कचरा रक्तात साठतो, त्याने उलट्या आणि सुस्ती येते. पोटॅशियम वाढत जाते आणि हृदयाचा ताल बिघडतो, ठोके मंदावतात. पूर्ण बंद झाल्यापासून २४ तासांत प्रकृती गंभीर होऊ शकते आणि दोन दिवसांत बरेच कुत्रे हातचे जातात. वाघ्याची उलटी एरंडेलाची नव्हती.

एक फसवी अवस्थाही असते. ताणलेली टाकी फुटली तर कुत्र्याला काही तास हलके वाटल्यासारखे दिसते, कुंथणे थांबते. घरच्यांना वाटते, उतार पडला. प्रत्यक्षात लघवी पोटात पसरलेली असते.

दवाखान्यात वेळेत पोचलात तर करण्यासारखे बरेच आहे. शिरेतून सलाईन आणि पोटॅशियमचा धोका कमी करणारी औषधे देतात. बारीक नळी मूत्रमार्गातून घालून, सलाईनच्या जोराने खडा मागे टाकीत ढकलतात, की वाट मोकळी होते. नळी जाईना तर पोटातून सुईने टाकी थोडी रिकामी करून वेळ मिळवतात. खडे काढण्याचे ऑपरेशन कुत्रा सावरल्यावर.

### “आमच्या बोअरच्या पाण्यानेच खडे होतात ना?”

बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल दोन वर्षांत खलास, मग कुत्र्याच्या टाकीतही तोच थर बसत असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कुत्र्यांमध्ये गणित जरा वेगळे आहे.

कुत्र्यांत मुख्यतः दोन प्रकारचे खडे आढळतात. पहिला स्ट्रुव्हाइट. हा कुत्र्यांत बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे होतो: काही जंतू लघवीतल्या युरियाचे विघटन करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यात खडे जमतात. म्हणजे मूळ जंतूंमध्ये आहे, बोअरमध्ये नव्हे. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट, तो पॉमेरेनियन, शित्झू, ल्हासा अशा छोट्या जातींत जास्त दिसतो. डाल्मेशियनमध्ये आणखी वेगळा, युरेटचा खडा होतो, आणि तो जातीच्या जनुकांतून आलेला असतो.

या सगळ्या खड्यांना मदत करते ती दाट लघवी, आणि ती बराच वेळ टाकीत साठून राहणे. साखळीला दिवसभर बांधलेला कुत्रा किंवा फ्लॅटमध्ये सकाळ-संध्याकाळ दोनदाच खाली उतरणारा कुत्रा लघवी रोखून धरतो. बोअरच्या क्षारांची भीती वाटून पाणी कमी दिले तर ते खड्याच्याच पथ्यावर पडते. फिल्टरचे पाणी मिळत असेल तर जरूर द्या, पण बोअरचे भरपूर पाणी हे फिल्टरच्या थोड्या पाण्यापेक्षा केव्हाही चांगले. सावलीत दोन ठिकाणी मातीचे भांडे ठेवा, दुपारी बदला.

मे महिन्यात ४२-४३ अंशांवर पारा गेलेला असताना दुपारी गडद पिवळी लघवी होणे, धार नीट असणे आणि संध्याकाळी पाणी पिऊन रंग उतरणे, याला उन्हाळी म्हणा हवे तर. एवढ्यापुरता तो शब्द बरोबर आहे.

### “हुलग्याचा काढा देऊ का?”

आमच्याकडे मुतखडा म्हटले की हुलगे आठवतात. माणसांना त्याने किती फरक पडतो हा वेगळा विषय, कुत्र्याच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

ठिबकला आम्ल प्रक्रिया केली की क्षारांचा पांढरा थर विरघळतो, पण ड्रीपरमध्ये वाळू अडकली असेल तर आम्ल कितीही सोडा, ती हलत नाही. खड्यांचेही तसेच आहे. स्ट्रुव्हाइट विरघळू शकतो: लघवीचा आम्लपणा बदलणारा ठरावीक आहार आणि सोबत जंतूंवर औषध, काही आठवडे. कॅल्शियम ऑक्झलेट कशानेही विरघळत नाही, तो काढावाच लागतो. आपल्या कुत्र्याचा कोणता हे लघवीची तपासणी, एक्स-रे किंवा सोनोग्राफीने कळते. हे दोन्ही खडे एक्स-रेवर सहसा दिसतात. युरेटचा पुष्कळदा दिसत नाही, तिथे सोनोग्राफी लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नळी बंद असताना काढा, ताक, नारळपाणी, काहीही पाजले की भरलेल्या टाकीत आणखी भर पडते. पुढची वाट बंद असताना मोटार चालू ठेवल्यासारखे ते आहे. शहाळ्याच्या पाण्यात तर पोटॅशियम भरपूर, आणि या वेळी तेच नको असते. धार नीट येत असलेल्या कुत्र्याला थोडे ताक दिले म्हणून बिघडणार नाही. अडलेल्याला काही पाजू नये.

### लाल म्हणजे रक्तच का?

नेहमी नाही. लघवी काचेच्या ग्लासात धरून तासभर स्थिर ठेवा. लाल भाग गढुळासारखा तळाशी बसला तर ते रक्त असण्याची शक्यता जास्त: संसर्ग, खडा, मार. सगळी लघवी एकसारखी काळ्या चहाच्या किंवा कॉफीच्या रंगाची राहिली तर रोग मूत्राशयात नसून रक्तात असू शकतो. घरची ही पाहणी अंदाजापुरती, खात्री प्रयोगशाळेतच होते.

मराठवाड्यात या कॉफी रंगाचे पहिले संशयित म्हणजे गोचीड. कुत्र्याचा गोचीड बाबेसिया नावाचा परजीवी रक्तात सोडतो. तो तांबड्या पेशी फोडतो आणि त्यांचा रंग लघवीतून उतरतो. ताप, पांढरट हिरड्या, धापा. याला उन्हाळी समजून थंडाई देत बसलात तर रक्त झपाट्याने कमी होते. त्याच दिवशी डॉक्टर. आणि फक्त कुत्र्यावरचे गोचीड काढून भागत नाही, ते गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत आणि बाजेच्या सांध्यांत दडून असतात. कांदा-लसूण जास्त पोटात गेला तरी पेशी अशाच फुटतात. रश्श्याचा चपातीकाला कुत्र्याला घालताना हे आपल्या ध्यानात येत नाही.

पावसाळ्यात आणखी एक: लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून येतो, मूत्रपिंडे आणि यकृत धरतो, डोळे पिवळे पडतात. तो माणसालाही होतो, म्हणून अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. याची लस मिळते.

भादव्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वेगळाच प्रकार दिसतो. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याच्या लिंगातून किंवा कुत्रीच्या योनीतून रक्त ठिबकत राहते, लघवीची वेळ असो वा नसो. आत फुलकोबीसारखी गाठ असते. हा समागमातून पसरणारा कर्करोग आहे. नाव ऐकून लोक आशा सोडतात. खरे तर दर आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टीनची काही इंजेक्शने घेतली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. गल्लीतल्या अशा कुत्र्याला “सडलंय” म्हणून हाकलताना मी पाहिले आहे. त्याच्यावर उपचार आहे, आणि तो फार अवघड नाही.

खच्चीकरण न केलेल्या म्हाताऱ्या नरात प्रोस्टेट ग्रंथी वाढूनही रक्ताचे थेंब येतात. कुत्री माजावर आली असेल तर रक्त दिसणारच, तो आजार नव्हे.

### “मेडिकलवरून गोळी आणली तर?”

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांतले आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पॅरासिटामॉल यकृत आणि रक्त दोन्हीवर जाते. २००६ साली भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले. त्या औषधाचा अंश असलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मूत्रपिंड किती नाजूक असते हे त्यावरून कळावे.

अँटिबायोटिकचे दुखणे वेगळे. दोन गोळ्यांनी जळजळ थांबते, मग कोर्स सोडला जातो आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. साध्या संसर्गाला डॉक्टर ३ ते ५ दिवसांचाही डोस देतात, नराच्या प्रोस्टेटमध्ये जंतू शिरले असतील तर काही आठवडे लागतात. हा फरक मेडिकलच्या काउंटरवरून कळणार नाही. आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर मागे खडा, मधुमेह असे काही आहे का, ते शोधावेच लागते.

नमुना घरून न्यायचा असेल तर सकाळच्या पहिल्या लघवीची मधली धार स्वच्छ पळीत किंवा वाटीत धरा, धुतलेल्या बाटलीत भरा आणि तासाभरात पोचवा.

### जास्त होणे हेही लक्षण

घरात कधीच न करणारा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला तर बहुतेक घरांत त्याला मार बसतो, आणि पाण्याचे भांडे उचलले जाते. दोन्ही चूक. आधी मोजा. लिटरच्या बाटलीने भांडे भरा आणि २४ तासांत किती संपले ते पाहा. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला एक-सव्वा लिटर पुरते, उन्हाळ्यात अधिक. दोन लिटरच्या वर, तेही रोज, म्हणजे मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा ग्रंथींचा बिघाड असू शकतो. अशा कुत्र्याचे पाणी तोडणे जिवावर बेतते, कारण त्याची मूत्रपिंडे पाणी धरूनच ठेवू शकत नाहीत.

नसबंदी न झालेली कुत्री माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, जेवेना, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. पू बाहेर दिसेलच असे नाही. हीदेखील अडलेल्या नराइतकीच तातडीची वेळ.

नसबंदी झालेली मोठ्या जातीची कुत्री झोपेत अंथरूण ओले करत असेल तर तिला ते कळतही नसते. मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल झालेला असतो, त्यावर गोळ्या आहेत आणि त्या चांगल्या चालतात.

### रात्र, आखाडा आणि गुरांचा दवाखाना

“आमच्याकडे गुरांचे डॉक्टर आहेत, कुत्र्याचे नाहीत,” असे लोक म्हणतात. पशुवैद्यकाची पदवी घेणारा प्रत्येक डॉक्टर कुत्र्यांचे आजारही शिकलेला असतो. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे नसेल, पण नळी घालणे, सलाईन लावणे, पुढे कुठे न्यावे हे सांगणे, एवढे तिथे होऊ शकते. आधी फोन करून विचारा. मोठ्या तपासण्या आणि ऑपरेशनसाठी परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक, तिथेही चौकशी करता येते. हे नंबर अडचण आल्यावर शोधण्यापेक्षा आजच सालगड्याच्या मोबाइलमध्ये घालून ठेवलेले बरे, कारण कुत्र्याजवळ तो असतो, आपण नाही.

नेताना कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचलू नका, चादरीवर आडवा घेऊन चौघांनी चार कोपरे धरा. दुखत असलेला कुत्रा धन्यालाही चावतो, म्हणून तोंडाला सैलसर फडके बांधा. मात्र उलटी होत असेल किंवा तो धापा टाकत असेल तर तेही नको.

आता आखाड्यावर राण्या आहे, दोन वर्षांचा नर. संध्याकाळी दुधाचा हिशोब सांगायला सालगड्याच्या बायकोचा फोन येतो, तेव्हा सगळ्यात शेवटी ती न विचारता सांगते, “अन् राण्यानं बांधावर चांगली धार सोडली, दादा. मी उभी होते.”